नाकी, वेक्यू, मूर्यू

फ्रेंच शिकायला लागून मला चार वर्षं झाली होती. पोटापाण्यासाठी गाड्यांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत होते. 'झाकण उघडा', 'बोल्ट घट्ट करा' यापलीकडे क्रियापदाला तिथे काही काम नसतं. मधे काम्यूची 'लेत्रांजे' फारशी न अडखळता वाचून झाली आणि वाटलं, चला, आता कादंबऱ्या वाचायला मोकळे. पण 1942 ची ती कादंबरी जवळजवळ सगळीच्या सगळी पासे काँपोझेमध्ये आहे, म्हणजे रोज बोलण्यातल्या भूतकाळात. हे मला तेव्हा कुठे माहीत!

पुढच्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर वाक्य आलं : 'इल व्ही युन फाम'. व्ही म्हणजे 'जगतो' एवढं पाठ होतं. फाम म्हणजे बाई. 'तो एक बाई जगतो'? दहा मिनिटं त्या बाईपाशीच अडकले. मग उलगडा झाला की हे 'व्हिव्र'चं, म्हणजे जगण्याचं, रूपच नाही. पाहणे या अर्थाच्या 'व्हुआर'चा हा पासे सँप्ल, पुस्तकी भूतकाळ. त्याला एक बाई दिसली, बस्स. दोन्ही शब्दांचं स्पेलिंग तेच, उच्चारही तोच.

पुण्यात संध्याकाळचा एक वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मादाम म्हणत, पण त्या आमच्याशी मराठीतच बोलायच्या. पहिल्या आठवड्यात मी हौसेने, नवा काळ वापरून, 'काल मी बाजारात गेले' असं फ्रेंचमध्ये सांगितलं. मादाम हसायलाच लागल्या. ''अगं, हे म्हणजे 'मी काल मंडईत जाती झाले' असं झालं. पोथी सांगतेस की भाजी आणलीस ते सांगतेस?''

ते 'जाती झाले' डोक्यात पक्कं बसलं. हा काळ लिहायचा, वाचायचा. भाजीवाल्यासमोर काढायचा नाही. पूर्वी मात्र तो बोलण्यातही होता. पोर-रोयाल या फ्रान्समधल्या मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1660 च्या व्याकरणात नियम दिलाय की आजच्या दिवसात घडलेल्या गोष्टीला हा काळ चालत नाही, मधे निदान एक रात्र तरी जायला हवी. बोलण्यात तसली रात्र मोजत बसायचं कुणाला? हळूहळू तो बोलण्यातून उठलाच.

आता रूपं. मी आधी सहाही पुरुषांची घोकंपट्टी केली आणि आठवडा वाया घालवला. 'आम्ही' आणि 'तुम्ही'ची ती डोक्यावर टोपी घातलेली रूपं, पार्लाम, पार्लात, वाचताना क्वचितच भेटतात. गोष्टीत असतात 'तो' आणि 'ते'. तेवढ्या दोनांवर भर दिला आणि गाडी चालू लागली. ज्यांच्या शेवटी 'ए' ऐकू येतो, ती क्रियापदं गरीब : पार्ले, बोलणे, इल पार्ला, तो बोलला, इल पार्लेर, ते बोलले. तो 'ला' बघून मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. नुसता योगायोग, पण पाठांतराला चालतो. बाकीच्यांत काही 'ई'वाली, काही 'यू'वाली. येणे आणि धरणे यांचं कुटुंब वेगळंच, नाकातून बोलणारं : इल व्हँ, तो आला.

धातुसाधितावरून, म्हणजे पासे काँपोझेत लागणाऱ्या 'गेलेला', 'पाहिलेला' अशा रूपावरून, पासे सँप्लचं रूप ओळखता येतं असं वाटलं होतं. व्हुलुआर, म्हणजे हवं असणे, याचं धातुसाधित व्हुल्यू, पासे सँप्लमध्येही व्हुल्यू. छान. मग पाहणे : धातुसाधित व्ह्यू, पण रूप व्ही. जन्मणे : धातुसाधित ने, रूप नाकी! चरित्रांतून हमखास भेटणारी ही तीन रूपं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली : नाकी, वेक्यू, मूर्यू. जन्मला, जगला, मेला. नाकी नऊ येतात म्हणून नाकी लक्षात राहिलं, बाकीची दोन त्याच्या मागोमाग आली. परीकथांचं ठरलेलं शेवटचं वाक्यही कामाला आलं. त्यांनी लग्न केलं, सुखाने जगले आणि त्यांना पुष्कळ मुलं झाली : मारिएर, वेक्यूर, यूर. तो शेवटचा यूर म्हणजे 'असणे, जवळ असणे' या क्रियापदाचं अख्खं रूप, एवढंसं.

खरी फजिती झाली ती निबंधात. विषय होता आजी. मला वाटलं, आपल्याकडेही पुस्तकी भूतकाळ आहेच की, 'उठे, बसे, म्हणे' हा रीतिभूतकाळ. आता कोण बोलताना तसं म्हणतं? सगळे 'उठायची'च म्हणतात. तेव्हा 'आजी रोज पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी घाली' हे सगळं मी पासे सँप्लमध्ये लिहून काढलं. वही परत आली ती लाल गोलांनी भरून. सगळ्यात वर 'रोज पहाटे'भोवती मोठा गोल.

मादामनी समजावलं ते असं. रोजचं, चालू असलेलं, मागे पडद्यासारखं असलेलं सगळं आँपार्फे या काळात जातं. पासे सँप्लला लागते घडून संपलेली गोष्ट. पाऊस पडत होता, हे आँपार्फे. तो आला, हे पासे सँप्ल. माझ्या 'उठे, घाली'चा थाट पासे सँप्लसारखा, पण अर्थ आँपार्फेचा. मी थाटाला भुलले होते. आजी रोज उठायची, तोवर पासे सँप्ल दाराबाहेर. एके दिवशी ती उठली नाही, तिथे तो आत येतो. तो निबंध मी पुन्हा लिहिला. पासे सँप्लमध्ये एकच वाक्य राहिलं, शेवटचं.

त्यानंतर वाचन सुधारलं, तरी दगा बसतोच. परवा एका कादंबरीत होणारा जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला जेवायला आला होता. पानाच्या अगदी तळाशी 'इल प्लू' एवढंच आलं. हे आवडण्याचंही रूप आणि पाऊस पडण्याचंही. पोरगा पसंत पडला वाटतं, म्हणून मी खुशीत पान उलटलं. पलीकडे सगळे छत्र्या शोधत होते.