आता सवय झाली असेल ना?

लग्नकार्यात, कंपनीच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न मला हमखास येतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे, तिसरं वर्ष चालू आहे, तेव्हा विचारणाऱ्याला वाटतं की घर आता रुळलं असेल. एरवी मी "हो, झाली" म्हणतो आणि विषय पावसावर नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगतो.

सुईची सवय झाली. ती आमच्याआधी पोरीलाच झाली. प्रत्येक जेवणाआधी बोट टोचायचं, साखरेचा आकडा बघायचा, ताटात काय आहे त्याचा हिशोब मांडायचा आणि पेनने इन्सुलिन द्यायचं. झोपताना आणखी एक, सावकाश काम करणारं. फेब्रुवारीत निफाडहून मामा द्राक्षांची पेटी पाठवतो. ती बंद करा म्हणून बरेच जण सांगतात. आम्ही काट्यावर शंभर ग्रॅम द्राक्षं मोजतो, त्यात कर्बोदकं साधारण 15 ते 18 ग्रॅम, तेवढं इन्सुलिन टोचतो, आणि ती मजेत खाते. कारल्याचा रस नि जांभळाच्या बियांची पूड सुचवणाऱ्यांना मात्र हात जोडतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारून टाकल्यात, तिथे रस काय करणार? "आमच्या वेळी असली मुलं नव्हती," असंही ऐकतो. होती हो. 1922 साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल फार दिवस जगत नसे.

सवय होत नाही ती रात्रीची.

मी अंबडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, त्यामुळे जागरण मला नवं नाही. पण कारखान्यातली तिसरी पाळी सकाळी संपते, घरातली संपत नाही. साखर 70च्या खाली गेली की मूल थरथरतं, घामाघूम होतं. दिवसा ती स्वतः सांगते, झोपेत कोण सांगणार? त्यात दिवसभर खेळून झालं की साखर लगेच उतरते असं नाही, कधी कधी मध्यरात्रीनंतर उतरते. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले जुने हौद, उघडतात. मोठा मुलगा रहाडीत उड्या मारतो, ही कडेने पिचकारी घेऊन पळत असते. सगळ्यांना दिसतो तो रंग. आम्हा दोघांना तेव्हाच कळलेलं असतं की आज रात्री दोनदा तरी उठायचं आहे. आकडा कमी आला तर ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत टोचायचं. ती बहुतेक वेळा डोळे न उघडताच पिते. त्या पंधरा मिनिटांत फ्रिजचा आवाज किती मोठा असतो ते मी सांगू शकतो.

दंडावर लावायचा सेन्सर आला तेव्हा वाटलं, सुटलो. तो दर काही मिनिटांनी साखर दाखवतो आणि खाली गेली की फोन ठणाणा करतो. पण ती त्याच कुशीवर झोपली की दाब पडून तो खोटाच कमी आकडा दाखवतो. मग उठा, खरं-खोटं करायला बोट टोचा. शिवाय चौदा दिवसांनी नवा लावायचा, आणि खर्च खिशातून. भरती झाल्याशिवाय आमचा मेडिक्लेम ओळख देत नाही.

या जागरणाचा हिशोब आकड्यांत दिसत नाही. माझी बायको शिलाईची कामं घ्यायची, ती तिने कमी केली. आमच्या दोघांतलं बोलणं "किती आली?" आणि "किती दिलंस?" एवढ्यावर आलं होतं. मोठा मुलगा आपली चॉकलेटं शाळेतच संपवून यायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात, देव अशी मुलं खंबीर आईबापांच्याच पोटी घालतो. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. खंबीर म्हटलं की मदत करायची जबाबदारी संपते.

सल्ला विचाराल तर माझा एकच आहे: तिसरा माणूस तयार करा. मुलांच्या मधुमेहावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आईवडिलांच्या मनःस्थितीची विचारपूस करायला सांगतात, आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीत मोकळं बोलता येतं. बायको बोलली, तिला बरं वाटलं. पण रात्री दोन वाजता उठायला माणूसच लागतो. नाशिकरोडची माझी बहीण एकदा म्हणाली, "दादा, काही लागलं तर सांग." बायकोने तिला तिथेच बसवलं आणि यंत्र हातात दिलं. तिने आधी स्वतःचं बोट टोचून पाहिलं, मग पोरीचं. साखर घसरली तर काय, चढली तर काय, आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तेव्हापासून शनिवारची रात्र आत्याची. तिच्या उशाशी फोन, आमच्या खोलीचं दार बंद. पहिल्या शनिवारी मला झोपच लागली नाही, बायको मात्र सकाळी साडेआठला उठली. रविवारी आम्ही दोघं पोरांना न घेता मिसळ खायला गेलो आणि चक्क शेजाऱ्यांच्या भांडणावर बोललो.

पुढच्या महिन्यात बहीण लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जातेय, तीन महिने तरी येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू शिकायला तयार आहेत, पण रक्ताचा थेंब बघितला की त्यांना गरगरतं. त्यांचे मिस्टर निवृत्त कंडक्टर आहेत, पहाटे चारलाच उठतात. सध्या त्यांना शिकवतोय.