तुम्ही विचारलंत म्हणून: तिकीटसंग्राहकांच्या संघाची वर्गणी का वाढली?

आमच्या टपाल तिकीट संग्राहकांच्या संघाची वार्षिक वर्गणी 300 रुपयांवरून 450 रुपये का झाली, आणि बाहेरगावच्या सभासदांच्या टपालाचा भार बेळगाव शहरातल्यांनी का उचलावा, असे मला हल्ली वरचेवर विचारले जाते. संघाचा हिशेब मीच ठेवत असल्यामुळे उत्तर देणे माझे काम आहे.

सभागृहाचे भाडे आणि लेखापरीक्षकाचे शुल्क वाढले, पण ते थोडे. खरी वाढ फिरत्या पाकिटामुळे झाली. या पाकिटात एक पातळ वही असते. तिच्या पानांवर आखलेल्या चौकोनांत तिकिटे चिकटवलेली असतात आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने किंमत लिहिलेली असते. सभासदाने हवे ते तिकीट चिमट्याने उचलायचे, रिकाम्या चौकोनात सही करायची, सोबतच्या यादीत नोंद करायची आणि वही पुढच्या सभासदाकडे धाडायची. सहीविना रिकामा चौकोन दिसला, तर तो पुढच्याने ताबडतोब कळवायचा असतो. इतका मौल्यवान ऐवज साध्या टपालाने पाठवता येत नाही, म्हणून आम्ही तो नेहमी रजिस्टरने पाठवत आलो.

1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. 50 ग्रॅमच्या आतल्या वहीला पूर्वी कुठेही पाठवली तरी जास्तीत जास्त 32 रुपये लागत. आता नोंदणी आणि जीएसटी धरून तीच वही शहरातल्या शहरात साधारण 28 रुपयांत जाते, पण शहराबाहेर, मग ते शेजारचे खानापूर का असेना, सुमारे 61 रुपये पडतात. शहरातल्यांची तक्रार इथूनच सुरू होते, आणि निव्वळ आकड्यांपुरती ती खरीही आहे.

तरीही मला ती मान्य नाही. शहरातला सभासद रविवारच्या बैठकीला येतो, दुसऱ्यांचे अल्बम हाताळतो, अदलाबदल करतो. कणकुंबी किंवा चंदगडकडच्या सभासदाला ही वहीच बैठकीच्या जागी असते, आणि तिचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारला तर तो संघ सोडून जाईल, हे उघड आहे. मोबाइलवर फोटो पाठवा, असेही सुचवले जाते. पण पंचम जॉर्जचे एखादे तिकीट लंडनला छापलेले की 1926 पासून नाशिकला छापली गेली त्यांतले, हे बहुधा कागदातल्या जलचिन्हावरून, म्हणजे एक तारा आहे की अनेक तारे यावरून ओळखावे लागते. त्यासाठी तिकीट उलटे करून उजेडात धरावे लागते, आणि फोटोत ते साधत नाही. कडेचे दाते मोजायचे, मागचा गोंद मूळचा आहे की नंतर लावलेला हे पाहायचे, तर तिकीट हातातच हवे. हे शिकायला न मिळालेला मुलगा तिकिटे साठवील, पण त्याला ती पारखता येणार नाहीत.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी सर्वांसाठी एकच वर्गणी ठेवण्याच्या आणि विद्यार्थ्यांकडून तिच्या निम्मीच घेण्याच्या बाजूने मत देणार आहे. टपालाचा खर्च मात्र कमी करता येईल. खानापूर आणि निपाणीहून रोज नोकरीसाठी बेळगावला येणारे काही सभासद आहेत. त्यांनी वही हातोहात पोहोचवली, तर त्या दोन गावांपुरते टपाल लागणारच नाही. जे तयार असतील त्यांनी सभेपूर्वी माझ्याकडे नाव नोंदवावे.