नाण्यांची बस आणि पांडवलेणी: मुलांना घेऊन जाणार असाल तर

नाशिकमध्ये जेलरोडच्या एका शाळेच्या पटांगणात दोन दिवस फिरत्या संग्रहालयाची बस उभी होती. विषय नाणी. आम्ही चौघं गेलो: मी, माझी ओवी (पाचवी), बहिणीचा आर्य (दुसरी) आणि सासरे. बाबांनी करन्सी नोट प्रेसमध्ये पस्तीस वर्षं काढली. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात, त्या प्रेसचा माणूस नाणी बघायला येणारच.

पहिल्या दिवशी आमची वेळ चुकली. सकाळी अकराला पोचलो तर तीन शाळांच्या रांगा लागलेल्या. आत शिरलो आणि दीड मिनिटात मागच्या दाराने बाहेर. "चला, चला, पुढे सरका" एवढंच मुलांच्या कानावर पडलं. आर्यला तर काचेपर्यंत मानही पोचवता आली नाही. तिथल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, साडेचारनंतर या, शाळा सुटल्यावर पालकांसाठी उघडी असते." त्यामुळे बस तुमच्या भागात आली की आधी शाळेत फोन करून संध्याकाळची वेळ विचारा. लहान मुलासाठी घरून प्लास्टिकचं छोटं स्टूल न्या. आम्ही दुसऱ्या दिवशी नेलं, आणि आर्य त्यावर पंधरा मिनिटं हलला नाही.

अशा बसमध्ये बहुतेक वस्तू प्रतिकृती असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. "मग हे खोटं आहे का?" असं आर्यने विचारलंच. बाबांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "खरं जपून ठेवलंय, हे तुला हात लावायला केलंय." मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगाव जाते, आणि विज्ञानाची फिरती प्रदर्शनं तर १९६५ साली कोलकात्याहून सुरू झाली. या मंडळींनी संग्रहालय मुलांच्या दारात आणलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता ज्या नाण्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते. कोटाच्या बटणाएवढं, चांदीचं. भिंगाखाली एका माणसाचा चेहरा दिसतो, नाक आणि कपाळ स्पष्ट. पण गालावरून तीन कमानींच्या डोंगराचा ठसा आरपार गेलेला. चेहरा क्षत्रप (म्हणजे शक राज्यकर्ता) नहपानाचा, ठसा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवत न बसता सातकर्णीने त्यांच्यावरच आपली खूण उमटवली आणि ती चलनात ठेवली. ओवी म्हणाली, "आई, खोडरबर न वापरता वरून लिहिलंय." अशी नाणी कुठे सापडली? १९०६ साली, आपल्या सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला. १३,०००हून जास्त नाणी, आणि त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर हा दुसरा ठसा. नाशिकच्या मुलांना हे पाठ असायला हवं, आणि मला स्वतःला ते चाळिशीत कळलं.

म्हणून माझा आग्रह आहे की बस बघून झाली की आठवड्याच्या आत मुलांना पांडवलेण्यांत, म्हणजे नाशिकच्या डोंगरात कोरलेल्या जुन्या बौद्ध लेण्यांत न्या; या दोन्ही राजांच्या खुणा तिथे आहेत. जास्त दिवस गेले की सगळं विसरतं. आम्ही लगेच रविवारी गेलो. सकाळी आठच्या आत चढायला लागा, नंतर पायऱ्या तापतात. पाणी खालूनच भरून घ्या. बाबा गुडघ्यांमुळे दर वळणावर बसत होते, तरी अर्ध्या तासात वर पोचलो.

सगळी चोवीस लेणी बघायचा हट्ट धरू नका. मुलांबरोबर तीन नंबर आणि दहा नंबर पुरेत. तीन नंबरमध्ये गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाचं कौतुक कोरून ठेवलंय. त्यात नहपानाच्या क्षहरात वंशाचा नायनाट केल्याचंही आहे. आणि दहा नंबरमध्ये त्याच नहपानाचा जावई उषवदात याचे लेख. दोन वैऱ्यांची लेणी एकाच डोंगरात, दोन-चार मिनिटांच्या अंतरावर!

उषवदाताच्या लेखातला हिशेब मी घरूनच वहीत लिहून नेला होता. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले: २,००० एकीकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. बाबा थांबून म्हणाले, "म्हणजे फिक्स डिपॉझिटच की!" मग ओवीने ओसरीतच वही मांडीवर घेऊन वर्षाचं व्याज काढलं: २४० आणि ९०. लेखांतल्या ब्राह्मी (त्या काळची लिपी) अक्षरांना हात लावू देऊ नका, बोट अधांतरी ठेवून गिरवायला सांगा. आर्यला ते 'हवेत लिहिणं' खूप आवडलं.

खरी नाणी बघायची तर अंजनेरीचं नाणे संग्रहालय. १९८० साली स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं ते आहे. नाशिकहून त्र्यंबकची एसटी धरा आणि अंजनेरीला उतरा. निघण्याआधी फोन करून उघडं आहे ना एवढं विचारा. गटाने जाणार असाल तर माहिती सांगायला कुणी मिळेल का, हेही तेव्हाच विचारून ठेवा. सोबत कागद, मऊ पेन्सिल आणि घरातली जुनी पाच-दहा पैशांची नाणी ठेवा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की ठसा कागदावर उतरतो. परतीच्या एसटीत आमच्या दोघांनी अख्खी वही भरवली, आणि बाबांनी आपल्या पाकिटातलं वीस पैशांचं षटकोनी नाणं आर्यला देऊन टाकलं.