रंगभूषेच्या पेटीत बारा व्होल्ट

गेल्या महिन्यात केलेलं एक काम अजून डोक्यात फिरतंय. सांगलीत माझं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. एलईडी पट्ट्या, त्या बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळी म्हणजे प्रोफाइल, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर बसवायचं कामही करतो, कारण आता आत दिवा असल्याशिवाय कुणी साधं कपाटसुद्धा करून घेत नाही. एका सकाळी एक वयस्कर रंगभूषाकार काका दुकानात आले. उभं आयुष्य नाटकाच्या दौऱ्यांत गेलेलं. बगलेत पेटी होती, त्यांच्या वडिलांनी स्वतः केलेली.

सागवानाची पेटी, कोपऱ्यांना हाताने कापलेले डवटेल, म्हणजे पसरट शेपटीसारख्या दातांचे एकमेकांत अडकणारे सांधे, पितळी बिजागऱ्या, चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश. झाकण उघडलं की आतल्या बाजूला १४ इंच उंचीचा आरसा आणि खाली रंगांचे कप्पे. एका कप्प्याच्या लाकडात हिंगुळाचा लाल डाग पार आत मुरलेला. सफेदा, पिवडी, हिंगूळ कालवून चेहरे रंगवायचे तेव्हापासूनची ही पेटी. डवटेल बघून मी काही वेळ कामाचं बोललोच नाही. कुठेही पुट्टी नाही, एक फट नाही. आज डवटेल सांगितलं तर कारागीर मशीनचं साधन मागतो, किंवा सरळ मोळे मारून वर मायका लावतो.

काकांची अडचण साधी होती. गावोगावच्या ग्रीनरूममध्ये डोक्यावर एक ट्यूब असते, कधी तीही लुकलुकते. उजेड वरून पडला की डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावली येते, आणि ती सावली रंगाने भरून काढायला हात आपोआप जातो. म्हणून पेटीतच दिवा हवा, पण पेटीला धक्का नको.

धक्का आधीच बसला होता. कुणा वायरमनने झाकणाच्या बाजूला, नेमकं डवटेलच्या शेपटीत भोक पाडून वायर काढली होती. आरशाच्या वरच्या कडेला थंड पांढरी पट्टी ग्लूगनच्या गोंदाने चिकटवलेली. आरसा सैल झाला म्हणून कुणीतरी मागे आंबट वासाचं सिलिकॉन भरलेलं, त्यामुळे कडेने काळे डाग धरायला लागले होते. ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि आरशाच्या पाठीवरची चांदी खातं. आरशाला न्यूट्रल सिलिकॉन वापरायचं असतं, ट्यूबवर तसं छापलेलं असतं. पण वाचतो कोण? आमच्या धंद्यात हात चालतात, डोळे चालत नाहीत, आणि गिऱ्हाईकही दिवा लागला की समाधानी होतं.

मला जास्त राग त्या पट्टीचा आला. काकांना म्हटलं, "काका, रंगाची डबी उघडा आणि हात पुढे करा." त्यांनी मनगटावर फाउंडेशन ओढलं, त्यावर गालाला लावतात तो लाल. दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या: त्यांची जुनी, आणि माझ्याकडची ४००० केल्विनची (केल्विन जितके कमी, तितका उजेड पिवळा), ९० च्या वर सीआरआय असलेली. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. जुन्या पट्टीत लाल रंग विटकरी दिसला आणि त्यांचं मनगट राखट. दुसरी पेटवली तशी कातडीखालच्या शिरांचा रंगसुद्धा वेगळा दिसला. काका हात उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, म्हणजे गेले काही प्रयोग मी लाल जास्तच लावत होतो."

पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी चिप, तिच्यावर पिवळट फॉस्फर. निळ्या चिपवर काम करणाऱ्या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण स्वस्त फॉस्फर गडद लाल प्रकाश फारसा देत नाही. त्यात सीआरआयचा आकडा हा फिक्या आठ रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना आर ९, तो या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे ८० सीआरआय लिहिलेल्या पट्टीचा आर ९ शून्याच्या आसपास असू शकतो. माणसाच्या त्वचेत रक्ताचा लाल असतो, म्हणून चेहऱ्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा. दुकानात आर ९ विचारा, समोरचा तुमच्याकडे बघत राहतो. तो फक्त वॅट आणि वॉरंटी सांगतो. लोकांनाही थंड पांढरा उजेड म्हणजे स्वच्छ उजेड वाटतो. आरशापुढच्या दिव्याने चेहरा चुकीचा दाखवला तर हात चुकीचं दुरुस्त करतो आणि ती दुरुस्ती रंगमंचावर सगळ्यांना दिसते. घरात लग्नाची नवरी नटते तेव्हाही हेच होतं.

दिवे वर न लावता आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे लावायचे ठरवले, म्हणजे चेहऱ्यावर दोन्हीकडून सारखा उजेड. साधी पट्टी लावली तर आरशात एलईडीचे ठिपके दुप्पट दिसतात, म्हणून दाट चिपांची सीओबी पट्टी घेतली. ती ४५ अंशांच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवली, वर दुधी झाकण. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, लाकडाजवळ ते हवंच.

पेटीला एकही नवा स्क्रू लावायचा नाही, हे मी स्वतःलाच बजावलं होतं. सागवानाच्या दोन बारीक पट्ट्या रंधून खाच काढली आणि त्या सरसाने चिकटवल्या. सरस ओलावा आणि उष्णता दिली की सुटतो. उद्या कुणाला ही जोडणी काढावीशी वाटली तर पेटी जशीच्या तशी मिळेल. प्रोफाइल त्या खाचेत सरकवून बसतं. वायरमनच्या भोकात त्याच शिरेचं सागवान बसवलं, चपडा लावला. मी पॉलिश मिरजेत शिकलो, तिथल्या सतारमेकरांच्या हाताखाली, त्यामुळे ती जागा शोधावी लागते. आरसा काढून, मागचं आंबट सिलिकॉन खरवडून, न्यूट्रल सिलिकॉनचे ठिपके दिले आणि कडेने थोडी जागा सोडली. सागवानसुद्धा पावसाळ्यात आडवं फुगतं. आरसा घट्ट बसवला तर तडकतो.

वायर झाकणातून खाली बिजागरीपाशी येते. झाकण रोज उघडतं-मिटतं, साधी वायर तिथे तुटणारच. बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची वायर ढिला वेढा ठेवून टाकली. दोन्ही पट्ट्या मिळून ७० सेंटिमीटर, मीटरला १० वॅट, म्हणजे ७ वॅट. १२ व्होल्टला जेमतेम ०.६ अँपिअर. पॉवरबँक रिकाम्या कप्प्यात बसला. मात्र पॉवरबँकेतून सरळ १२ व्होल्ट मिळतीलच असं नसतं. पीडीचे, म्हणजे यूएसबीच्या जलद चार्जिंगच्या पद्धतीचे, ठरलेले टप्पे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, १२ कंपनीच्या मर्जीवर. म्हणून ९ व्होल्ट मागणारं ट्रिगर मॉड्यूल लावलं आणि पुढे ते १२ पर्यंत चढवलं. १०,००० एमएएचमध्ये ३७ वॅट-तास असतात. वाया जाणारं धरूनही चारेक तास निघतात. झाकण मिटलं की चुंबकाच्या रीड स्विचने दिवा बंद होतो, कारण बंद पेटीत रंगांच्या डब्यांशेजारी जळत राहिलेला दिवा मला मान्य नाही. डिमर मात्र लावला नाही. स्वस्त डिमर उजेड फार वेगाने चालू-बंद करतो, आणि मोबाईलवर नटाचा फोटो काढला की आडवे पट्टे येतात.

काकांनी पेटी उघडून बघितली, बोट फिरवून भोकाची जागा शोधली, आणि पैशांचा आकडा मी सांगायच्या आधी मोजून ठेवला.

मग एका प्रयोगानंतर त्यांचा फोन आला. आरशात चेहरा अगदी बरोबर होता, पण त्या नाट्यगृहात जुने हॅलोजन होते, आणि त्यांच्या पिवळ्या उजेडात गालांवरचा लाल फिका पडला. रंगमंचाचे हॅलोजन ३२०० केल्विनचे असतात. पिवळसर उजेडात ऊबदार रंग विरतात. पुढच्या गावी एलईडी पार, म्हणजे रंगमंचावरचे डब्यासारखे एलईडी दिवे, होते, तिथे तोच चेहरा चांगला दिसला. पूर्वी सगळीकडे एकाच जातीचे दिवे, रंगभूषाकाराचा हात त्याला सरावलेला. आता दर गावात उजेड वेगळा, आणि तो आधी कळायची काही सोय नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याने रंगभूषाकाराला आधी एक फोन करावा, इतकं साधं हे आहे, पण दोघांची गाठ पडते ती पडदा उघडायच्या वेळी.

४००० काकांनीच निवडला होता, दोन्हींच्या मधला म्हणून, आणि तो त्यांना अजून पटतो. तरी प्रोफाइल खाचेतून सरकतं, त्यामुळे ३००० केल्विनची दुसरी जोडी करून देतो म्हटलंय. ९५ सीआरआयची ती पट्टी इथे मिळत नाही, पुण्याहून मागवलीय. येईपर्यंत काका हॅलोजनच्या नाट्यगृहात आधी एका नटाला रंगवून रंगमंचावर उभं करतात, समोरच्या रांगेत बसून बघतात, आणि मग बाकीच्यांना रंगवायला घेतात.