बाईंच्या एका प्रश्नाचं उत्तर

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हणून निरोप आला आणि पहिल्यांदा आठवल्या त्या आमच्या इतिहासाच्या बाई. आठवीत त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, मार्शल, आणि विचारलं, हे पद व्हायच्या आधी हे कुठलं काम होतं? कुणालाच येईना. मग म्हणाल्या, जुन्या जर्मन बोलीत याचा अर्थ घोड्यांची देखभाल करणारा नोकर! तबेल्यातला माणूस सैन्याच्या टोकाला कसा गेला हे त्यांनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प होता. ज्याच्या ताब्यात घोडे त्याच्या ताब्यात लढाई, एवढं साधं.

आपलं सरनौबत हे सैन्यप्रमुखाचं पद पण असंच, नौबतीवरून म्हणजे मोठ्या नगाऱ्यावरून आलेलं, आणि 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी हंबीरराव मोहिते त्या पदावर होते तेव्हा त्याला सेनापती हे संस्कृत नाव मिळालं.

बाईंचं खरं म्हणणं पुढचं होतं. राजा ज्याला सगळ्यात मोठं पद देतो त्यालाच घाबरायला लागतो. रोमचे सैनिक जिंकलेल्या सेनानीला इम्परेटर म्हणून ओरडायचे, तोच शब्द शेवटी सम्राटाचा झाला. जपानमध्ये 1192 ला योरितोमो शोगुन झाला, म्हणजे पद सेनापतीचंच, पण पुढे 1867 पर्यंत बहुतेक काळ खरी सत्ता शोगुनांकडेच, सम्राट नावाला. आणि युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातला सेनानी वॉलेनस्टाइन, ज्याने स्वतः सैन्य उभं केलं, जनरलिसिमो म्हणजे सरसेनापती झाला, त्याला 1634 मध्ये त्याच्याच सम्राटाच्या संमतीने मारलं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलोच नाही नीट, एवढं ते मनात घुसलं होतं.

जाताना बाईंनी एक प्रश्न दिला होता, नेपोलियनने 1804 मध्ये सम्राट झाल्यावर लगेच एकदम 18 मार्शल का नेमले? त्यात पिंप बनवणाऱ्याचा मुलगा मिशेल ने होता, खानावळवाल्याचा मुलगा म्युरा होता.

बाई, उत्तर इतक्या वर्षांनी देतोय. मला वाटतं एकच मोठा केला असता तर तो गादीपर्यंत पोचला असता, अठरा केले की ते एकमेकांकडेच बघत बसतात. दहा वर्षं हे चाललं पण. 1814 च्या एप्रिलमध्ये फाँतेनब्लोच्या राजवाड्यात मार्शल ने आणि बाकीचे काही मार्शल एकत्र नेपोलियनसमोर उभे राहिले, सैन्य आता शत्रूच्या ताब्यात गेलेल्या पॅरिसवर चालून जाणार नाही म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत त्याने गादी सोडली.

बरोबर आहे का बाई?