अण्णांची कॅलेंडरं

शनिवार, रात्रीचे साडेदहा

दुपारच्या एसटीनं गावी आले. मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा आभाळ भरून आलं होतं, घरी पोचेपर्यंत मोकळं झालं. उत्तरा संपत आली, आता हस्त लागेल. अण्णांची ज्वारीची पेरणी अडली आहे. बियाणं आणून ठेवलंय, तिफण नीट करून ठेवलीय, पण रानात ओल नाही.

मी सोलापूर विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालेलं, एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ. मावशी अजून विचारते, पुण्याला का नाही गेलीस? तिला काय सांगू? वर्गात आम्ही ११ जण आहोत. ज्याला कळलेलं नाही त्याचं तोंड सरांना दिसतं, आणि मग खडू त्याच्याच हातात येतो. पहिल्या महिन्यात मला याची भीती वाटायची. आता सुट्टीत फळ्याची आठवण येते.

बी.एस्सी.ला मी गणितात रमले होते. चुकीची मर्यादा, म्हणजे एप्सिलॉन, कितीही लहान द्या, चूक तिच्या आत ठेवणारा डेल्टा सापडतो म्हणजे सापडतो. ती खात्री मला फार प्रिय होती, अजून आहे. त्यामुळे पहिल्या सत्रात ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी दोन आकड्यांमधला पट्टा, काढायला शिकले तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये आहे की नाही, एवढंच सांगा ना! सरांनी त्यासाठी दोन तास दिले. एका डब्यात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्या सगळ्यांची सरासरी फक्त सरांना माहीत. प्रत्येकानं दोनदा नमुना काढायचा, गणित करायचं आणि आपला अंतराल फळ्यावर रेघ मारून दाखवायचा. २२ रेघा झाल्या. मग सरांनी खऱ्या सरासरीची उभी रेघ ओढली. २१ रेघांना ती छेदून गेली, एकीला नाही. ती माझी होती.

मी तीनदा पडताळून पाहिलं, हिशेब बरोबर होता. सर म्हणाले, "चूक शोधू नकोस, नमुनाच तसा आला." ९५ टक्के हे माझ्या एका रेघेबद्दल नाहीत, रेघा काढायच्या रीतीबद्दल आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात ते वाक्य आधी चार वेळा वाचलं होतं.

या सत्रात प्रकल्प आहे. मी जिल्ह्याचा पाऊस घेतला. वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास; बेरजा, आलेख, कल, सगळं आठवड्यात करून टाकलं आणि मागच्या खेपेला अण्णांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाले, "किती पडला ते नगं सांगू पोरी. कवा पडला ते सांग."

त्यांचं बरोबर होतं. रब्बीची ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते. जुलैत दोनशे मिलिमीटर पडून सप्टेंबर कोरडा गेला तर वर्षाची बेरीज चांगली दिसते आणि पेरणी होत नाही. माझ्या आलेखात तो सप्टेंबर कुठेच दिसत नव्हता.

सोमवारी जाऊन सरांना हेच सांगितलं. त्यांनी मार्कोव साखळी काढायला लावली. १९६२ साली तेल अवीवच्या पावसासाठी गॅब्रिएल आणि नॉयमन यांनी हीच वापरली होती. दिवस दोनच प्रकारचे, ओला किंवा कोरडा. उद्याचा दिवस कसा असेल हे फक्त आजच्यावरून ठरतं असं धरायचं. समजा, कोरड्यानंतर पुन्हा कोरडा येण्याची संभाव्यता ०.८५ आहे. मग सुरू झालेली उघडीप १५ दिवस किंवा त्याहून जास्त लांबण्याची संभाव्यता ०.८५ चा चौदावा घात, म्हणजे ०.१० च्या जरा वर. शंभरातल्या दहा उघडिपी. हे अण्णांना समजेल अशा भाषेतलं उत्तर आहे.

हा ०.८५ काढायचा कसा, त्यासाठी अर्धं पान लाइकलिहूड, म्हणजे हाती आलेली नोंद मिळण्याची संभाव्यता, मांडलं, लॉग घेतला, डेरिव्हेटिव्ह शून्य केलं. हाती काय आलं? कोरड्यानंतर कोरडे किती, भागिले एकूण कोरडे दिवस ज्यांच्या पुढचा दिवस माहीत आहे. साधी मोजणी! मला इतका आनंद झाला की शेजारच्या गणित विभागातल्या मैत्रिणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, नमुना वाढवत नेला की हे खऱ्या किमतीकडे जाईल याची सिद्धता दे. अशा मैत्रिणी असाव्यात. स्वतंत्र निरीक्षणांसाठी वर्गात हुजूरबाजारांचं प्रमेय झालं होतं, १९४८ सालचं. साखळीसाठी वेगळं बघावं लागेल. वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे, पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. प्रमेयाला आपल्याकडचं आडनाव आहे, याचं मला वहीत लिहिताना दर वेळी बरं वाटतं.

आज जेवणं झाल्यावर अण्णांना विचारलं, ओला दिवस कशाला म्हणायचं? हवामान खातं २.५ मिलिमीटरला पावसाचा दिवस धरतं. अण्णा काही न बोलता उठले आणि पत्र्याच्या पेटीतून जुनी कॅलेंडरं घेऊन आले. १४ वर्षांची, मधलं एक हरवलेलं. दुधाच्या हिशेबाशेजारी काही तारखांना पेन्सिलीनं बारीक "पा" लिहिलेला. मला हे माहीतच नव्हतं.

"किती पडला की लिहिता?"

"भुरभुर आली तर न्हाई लिवत. ओल मातीत उतरली, वापसा बघावा लागला, की लिवायचं."

म्हणजे त्यांचा ओला दिवस खात्याच्या ओल्या दिवसापेक्षा कडक. जमीन बघून ठरलेला. आता दोन साखळ्या कराव्या लागतील, एक खात्याच्या आकड्यांची, एक या पेन्सिलीच्या खुणांची, आणि महिनेही वेगळे धरावे लागतील, जूनची संभाव्यता ऑगस्टला चालणार नाही.

आईनं दिवा बंद करायला दोनदा सांगितलं. पाच वर्षांच्या तारखा भरून झाल्यात. सहाव्या वर्षाच्या सप्टेंबरात एकही "पा" नाही. मी पान उलटून पाहिलं, ऑक्टोबरच्या तीन तारखेला आहे.