दोन विंगांमधलं गणित

‘प्रत्येक क साठी असा एक य आहे, की दोघांची किंमत सारखी.’ हे खरं आहे. ‘असा एक य आहे, की प्रत्येक क ची किंमत त्याच्यासारखी.’ हे खोटं. शब्द तेच, फक्त क्रम बदलला. क आणि य दोघेही खरे किंवा खोटे एवढेच असू शकतात, तरी या क्रमात माझी कित्येक वर्षं आनंदात गेली आहेत. य ची किंमत ठरवणाऱ्याला क ची किंमत आधी कळलेली असते की नाही, एवढाच तो प्रश्न. ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांनी बांधलेल्या अशा तर्कसूत्रांना क्यूबीएफ म्हणतात.

क्लाइने ब्यूनिंग, कारपिन्स्की आणि फ्ल्योगेल यांनी १९९५मध्ये मांडलेली क्यू-रेझोल्यूशन ही सिद्धता-पद्धती हा प्रश्न थेट नियमात आणते. वरच्या ‘किंमत सारखी’ या अटीचे दोन क्लॉज, म्हणजे ‘किंवा’ने जोडलेली दोन वाक्यं, होतात: ‘य किंवा नाही-क’ आणि ‘नाही-य किंवा क’. य आधी ठरत असेल तर त्याला क माहीत नसतो, म्हणून दोन्ही क्लॉजांमधून क खोडता येतो. उरतात ‘य’ आणि ‘नाही-य’. त्यांच्यातून रिकामा क्लॉज, म्हणजे कधीच खरा न होणारा, निघतो आणि सूत्र खोटं ठरतं. य नंतर ठरत असेल तर क खोडायची परवानगीच नाही. तिथे य काढून टाकला की ‘क किंवा नाही-क’ असं काहीही न सांगणारं वाक्य उरतं, आणि ते ही पद्धत घेत नाही. खोडण्याचा हा एक नियम मला आजही अतिशय देखणा वाटतो.

पण सूत्रातले चल, म्हणजे क, य अशी अक्षरं, एका रांगेत लिहिले, की रांग नसलेली अवलंबनंही दाखवते. क, मग य, मग ख, मग र. सूत्र फक्त एवढंच म्हणतं, की य हा क सारखा आणि र हा ख सारखा. र ला क शी काही देणंघेणं नाही, पण रांगेमुळे तो क वरही अवलंबून दिसतो. सामर आणि साइडर यांनी २००९च्या लेखात अशी खोटी अवलंबनं क्लॉजांच्या जोडणीवरून ओळखायची रीत मांडली. लोन्सिंग आणि बीअरे यांचा डेप-क्यूबीएफ हा सॉल्व्हर, म्हणजे अशी सूत्रं सोडवणारा प्रोग्रॅम, याच विचारावर उभा आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे रांग मोडूनच टाकायची आणि कोण कोणावर अवलंबून हे प्रत्येक चलासाठी वेगळं लिहायचं. त्याला डीक्यूबीएफ म्हणतात. हे मी घरी समजावलं ते माझ्या काकांना. फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं आणि त्याचे लाईट काका सांभाळतात.

“काका, तुम्ही डाव्या विंगेत, दादा उजव्या विंगेत. दोघांनाही एकेक चिठ्ठी येणार, हो किंवा नाही. दुसऱ्याची चिठ्ठी दिसणार नाही. प्रत्येकाने लाल किंवा निळा लाईट लावायचा. दोन्ही चिठ्ठ्या ‘हो’ असतील तर रंग वेगळे, नाहीतर सारखे.”

“अगो, मग आधी ठरवून ठेवू. दोघांनीही लालच लावायचा.” थोडं थांबून ते स्वतःच म्हणाले, “तीनदा जमतंय, चौथ्याला फसतंय.”

कोणतीही युक्ती केली तरी फसणारच. काकांचा ‘हो’ला ठरलेला रंग दादाच्या ‘नाही’च्या रंगासारखा हवा. तो काकांच्या ‘नाही’च्या रंगासारखा, आणि तो दादाच्या ‘हो’च्या रंगासारखा. म्हणजे काकांचा ‘हो’ आणि दादाचा ‘हो’ सारखे झाले, आणि नेमके तेच वेगळे हवे होते.

आता हेच सहा क्लॉजांत लिहा आणि क्यू-रेझोल्यूशनला द्या. ती जागची हलत नाही. खोडण्यासारखं काही सापडत नाही, आणि कुठलेही दोन क्लॉज जोडले तरी ‘हे किंवा हे-नाही’ एवढंच निघतं. सूत्र खोटं आहे, पण ते खोटं असल्याची सिद्धता या नियमांत मिळतच नाही. रांगेवर परिपूर्ण असलेली, म्हणजे प्रत्येक खोटं सूत्र पकडणारी पद्धत रांग मोडल्यावर अपुरी पडते. लाँग-डिस्टन्स रेझोल्यूशन ही तिची जास्त ताकदीची बहीण तर डीक्यूबीएफवर खऱ्यालाही खोटं ठरवू शकते. हे मला त्याहून भयंकर वाटतं. टिकते ती आयआर-कॅल्क ही आणखी एक सिद्धता-पद्धती. ती चलाबरोबर त्याला ठाऊक असलेली माहिती चिकटवून ठेवते, ‘चिठ्ठी हो असतानाचा काकांचा लाईट’ अशी, आणि मग वरचीच साखळी लिहिते. बायर्सडॉर्फ, च्यू, श्मिट आणि सुडा यांनी २०१६मध्ये दाखवलं, की डीक्यूबीएफसाठी ती निर्दोषही आहे, म्हणजे खऱ्याला कधी खोटं ठरवत नाही, आणि परिपूर्णही. माझ्या मते यातलं खरं शहाणपण त्या चिकटवण्यात आहे. अवलंबन सूत्राच्या कपाळावर एकदा लिहून भागत नाही, सिद्धतेच्या प्रत्येक ओळीत ते सोबत न्यावं लागतं.

काकांनी शेवटी विचारलं, “डावीकडून उजवीकडे तार टाकली तर?” तर लगेच जमतं. काकांची चिठ्ठी आणि त्यांचा रंग दोन्ही कळले, की दादा आपला रंग बिनचूक निवडेल. रांगेत लिहिलेलं सूत्र अशी तार सगळ्यांना फुकट देतं, आणि त्याचा निकाल पीस्पेसमध्ये, म्हणजे बहुपदी मेमरीत, लागतो. तार काढली की प्रश्न नेक्सपी-पूर्ण, म्हणजे त्याहूनही खूप अवघड मानला जाणारा, होतो.